रोलाँ गारोसची दुसरी यादी

विजेत्यांची यादी म्हणजे क्रीडेतिहासाचा निर्विवाद भाग, असे आपण सहसा गृहीत धरतो. पॅरिसच्या रोलाँ गारोस मैदानावरील फ्रेंच अजिंक्यपद स्पर्धेच्या यादीत केन रोझवॉल या ऑस्ट्रेलियन खेळाडूचे नाव दोनदा येते : १९५३ आणि १९६८. पहिल्या विजयाच्या वेळी तो १८ वर्षांचा होता, दुसऱ्या वेळी ३३ वर्षांचा. मधल्या पंधरा वर्षांविषयी यादी काही सांगत नाही. या मौनाचे कारण शोधू लागलो तेव्हा आम्हांला त्याच मैदानाची दुसरी यादी सापडली.

‘हौशी’ आणि ‘व्यावसायिक’ हे शब्द मराठी वाचकास नाटकामुळे परिचित आहेत. हौशी नट व्यावसायिक रंगभूमीवर गेला, तर तो त्याचा गौरवच मानला जातो. टेनिसमध्ये नेमके उलट होते. उघडपणे पैसे घेऊन खेळणाऱ्यास विम्बल्डन, फ्रेंच आदी प्रमुख स्पर्धांचे दार १९६८ पर्यंत बंद होते. नामांकित हौशी खेळाडूंना खर्चाच्या नावाखाली पैसे मिळत, हे सर्वांना ठाऊक होते; तरीही दोष उघड मोबदला घेणाऱ्याच्याच माथी येई. खेळून पोट भरण्याची गरज नसलेल्या वर्गाने घडविलेली ही नीती होती.

व्यावसायिकांनी म्हणून आपली वेगळी स्पर्धा मांडली. ‘फ्रेंच प्रो’ या नावाची ही स्पर्धा १९३० साली रोलाँ गारोसवरच सुरू झाली. माती तीच : चुनखडीच्या थरावर पसरलेली विटांची तांबडी भुकटी. तिच्यावर चेंडूचा वेग मंदावतो, गुण लांबतो आणि संयमाची कसोटी लागते. १९३८ मध्ये चारही प्रमुख स्पर्धा जिंकणारा डॉन बज व्यावसायिक झाला आणि १९३९ मध्ये येथे ‘प्रो’ विजेता ठरला. १९५४ आणि १९५५ चा फ्रेंच विजेता टोनी ट्रॅबर्ट १९५६ मध्ये दुसऱ्या यादीत गेला. रोझवॉल १९५७ पासून व्यावसायिक म्हणून खेळू लागला. १९५८, १९६०, १९६१ आणि १९६२ अशी चार वर्षे त्याने ही स्पर्धा रोलाँ गारोसच्या मातीवर जिंकली. अंतिम सामन्यांत हरलेल्यांमध्ये ल्यू होड आणि पांचो गोन्झालेस यांच्यासारखे खेळाडू होते. पुढे ही स्पर्धा बंदिस्त सभागृहात हलविण्यात आली.

१९६८ मध्ये प्रमुख स्पर्धा सर्वांना खुल्या झाल्या. एप्रिलमध्ये इंग्लंडमधील बोर्नमथची पहिली खुली स्पर्धा मातीवरच झाली आणि ती रोझवॉलने जिंकली. मे महिन्यात पॅरिस संपांनी ठप्प असतानाही रोलाँ गारोसवर प्रेक्षकांची गर्दी लोटली. अंतिम सामन्यात रोझवॉलने रॉड लेव्हरला हरविले. महिलांत नॅन्सी रिची विजेती ठरली. पण तिची नोंद हौशी म्हणून असल्याने बक्षिसाची रक्कम तिला घेता आली नाही. जुन्या भेदाचा फटका आता हौशी खेळाडूस बसला.

आजही प्रमुख स्पर्धांतील विजेतेपदे मोजून खेळाडूंची थोरवी ठरविली जाते. त्या गणतीत रोझवॉलच्या नावावर आठ विजेतेपदे आहेत. मातीवरची ती चार वर्षे त्यांत नाहीत. साहित्येतिहास शिकविताना मान्यताप्राप्त नावांची यादी आम्हीही फळ्यावर लिहितो. ती लिहिताना, त्या काळी प्रवेश कोणाला होता, हेही विद्यार्थ्यांना सांगावयास हवे, असे रोझवॉलची कहाणी वाचल्यापासून आम्हांला वाटू लागले आहे.