उजव्या बटणाची यादी

२०२३ साली आपल्या जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. ज्या गुरुजींच्या संगणकात ‘उस्मानाबाद’ नावाचा फोल्डर होता, त्यांना तो बदलणे अवघड नव्हते. फोल्डरवर माऊस न्यायचा, उजवे बटण दाबायचे आणि उघडलेल्या यादीतून ‘रिनेम’ निवडायचे. काम क्षणाचे, पण ही यादी आली कोठून, आणि तिच्यात काय असावे हे ठरवतो कोण?

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सान फ्रान्सिस्को येथे माऊस लोकांपुढे मांडला, तेव्हा त्याला तीन बटणे होती. पुढच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील प्रयोगशाळेत नवी सोय निघाली. बटण दाबले की बाण जिथे असेल तिथेच कामांची यादी उघडायची. सुताराची पटाशी हाताशी असावी, तशी. १९८४ च्या मॅकिंटॉशने मात्र नवखा माणूस गोंधळू नये म्हणून एकच बटण ठेवले. उजव्या बटणाची यादी सर्वतोमुखी केली ती ऑगस्ट १९९५ मध्ये आलेल्या विंडोज ९५ ने. आपल्याकडे २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या वर्गांतून कितीतरी शिक्षक ती शिकले.

आता गंमत पाहा. या यादीत भर घालण्याची मुभा इतर प्रोग्रामांनाही होती. शेजाऱ्याने दरसाल थोडा थोडा बांध कोरावा, तसे झाले. जो प्रोग्राम येई तो आपली एक ओळ घुसवी. यादी लांबत गेली, कामाची ओळ शोधावी लागू लागली. शेवटी २०२१ मध्ये विंडोज ११ ने ती छाटली आणि बऱ्याच ओळी ‘शो मोअर ऑप्शन्स’च्या आड ढकलल्या. वाढ झाली ती आपल्याला न विचारता, आणि छाटणीही तशीच!

म्हणून गुरुजी, तुमच्या हातातली एक वाट सांगतो. यादीत ‘सेंड टू’ अशी ओळ असते. विंडोज ११ मध्ये ती त्या आडोशामागे सापडेल. तिचा स्वतःचा एक फोल्डर आहे. विंडोजची कळ व ‘आर’ एकत्र दाबा आणि इंग्रजी अक्षरांत ‘शेल’, अपूर्णविराम, ‘सेंडटू’ असे सलग लिहा. तो फोल्डर उघडेल. तुमच्या फोल्डराचा शॉर्टकट त्यात ठेवा व त्याला ‘इयत्ता चौथी हजेरी’ असे मराठी नाव द्या. ते नाव तसेच्या तसे यादीत दिसेल.

एवढे मात्र सांभाळा. बाकीच्या ओळी काढण्यासाठी कोणी ‘रजिस्ट्री’ उघडायला सांगेल. तेथे एक नोंद चुकली तर संगणकच अडू शकतो. शाळेचा संगणक एकच असेल, तर त्या वाटेला जाऊ नये.

यादी दुसऱ्याने केली म्हणून ती जशी आहे तशीच वापरली पाहिजे, असे नाही. तिच्यात आपली एक ओळ आपल्या भाषेत लिहिता येते. पोरांनाही ते एकदा करून दाखवा.