चाल

जुन्या संगीत नाटकाची छापील प्रत उघडली की पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ दिलेली सापडते. शब्द नवे, पण गळ्याने जायची वाट ओळखीची, एवढे ती ओळ सांगते. हाच शब्द माणसाच्या चालण्याच्या ढबीला, बुद्धिबळातल्या खेळीला आणि घरातल्या रिवाजालाही चालतो. ‘आमच्यात तशी चाल नाही’ म्हटले की बोलणे खुंटते. मूळ धातू संस्कृत ‘चल्’, म्हणजे हलणे. जी रूढी आपण अढळ म्हणून सांगतो, तिच्या नावातच हालचाल आहे.

‘संस्कृती’ त्या मानाने नवखी. शब्द जुनाच, ऐतरेय ब्राह्मणातही आहे. पण एका समाजाचे खाणे, गाणे, देवधर्म सगळे एका गाठोड्यात बांधून त्यावर हे नाव लिहिणे अलीकडचे. बंगालीत त्यासाठी ‘कृष्टी’ हा नांगरटीच्या धातूपासूनचा शब्द रुळत होता. इंग्रजी ‘कल्चर’ही लॅटिनमधल्या शेतीतूनच उगवलेला. रवींद्रनाथांना ‘कृष्टी’ अजिबात रुचत नसे. 1922 साली पॅरिसमध्ये भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जींना एका मराठी मित्राकडून कळले, की मराठीत ‘संस्कृती’ म्हणतात. रवींद्रनाथांनी तो शब्द पसंत केला. (एरवी बंगाली आणि मराठीतला देण्याघेण्याचा हिशेब बहुधा उलट्या बाजूने मांडला जातो.)

मला ‘संस्कृती’ची अडचण वाटते ती इथे. ख्रिस्ती माणसाने संस्कृतीशी कसे वागावे, असे विचारले की दोनच वाटा उरतात, गाठोडे उचला नाहीतर टाका. चालीरीती म्हटल्या तर एकेक चाल हातात घेऊन उलटीसुलटी पाहता येते.

जालन्यात हे पाहणे प्रत्यक्ष झाले. नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने 1843 मध्ये मुंबईत स्कॉटिश मिशनरींकडे बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहू लागला, तेव्हा वडिलांनी कोर्टात जाऊन अल्पवयीन मुलाचा ताबा मिळवला. तो बाटला की नाही, यावर मग मुंबईभर रणे माजली. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून बाजू घेतली आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. ‘बाटणे’ हे क्रियापद पाण्याला, भांड्याला, माणसाला सारखेच लागते. त्यात धर्माच्या मतांपेक्षा शिवाशिव अधिक आहे.

नारायणराव पुढे जालन्याला आले. गाव तेव्हा निजामाच्या मुलखात, शेजारी फौजेची छावणी. दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळाली आणि जालन्याजवळ ख्रिस्ती वस्ती वसली. तिचे नाव बेथेल. हिब्रूत ‘बेथ’ म्हणजे घर आणि ‘एल’ म्हणजे देव. देऊळ हा आपला शब्द ‘देवकुल’पासून आला, म्हणजे नाव परके वाटले तरी अर्थ गावच्या वेशीतलाच. हेच शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या प्रोटेस्टंट परिषदेत डोक्याला पागोटे बांधून उभे राहिले. पागोट्याची चाल त्यांनी ठेवली. पण जालन्यात त्यांचे बरेचसे काम मांगांमध्ये होते. ब्राह्मणाने मांगाला शिवायचे नाही, ही चाल त्यांनी टाकली. दोन्ही त्यांच्या ‘संस्कृती’तल्याच!

पण पागोटे ठेवायचे की नाही, हा प्रश्न ज्याला ते बांधायचा मान होता त्याचा. ज्याच्यावर गावाने हलगी वाजवणे आणि दोर वळणे सोपवले होते, त्याला ‘आपली संस्कृती सोडू नकोस’ हा उपदेश कसा ऐकू येत असेल? ‘संस्कृत’ म्हटले की पाठोपाठ ‘असंस्कृत’ येतो, आणि त्या वर्गात कोणाला घालायचे हे आधीच ठरलेले असते. चालीरीती सोडणे म्हणजे त्याच्या दृष्टीने सुटका. अर्थात बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात धुऊन निघाली असेही नाही. मराठी मंडळ्यांत ती बसण्या-उठण्यात आणि सोयरिकीत टिकली. (‘मंडळी’ हा तसा विलक्षण शब्द: चर्चची मंडळी, नाटक मंडळी आणि घरची मंडळी.)

हिब्रूत यहुदी धर्मनियमांना ‘हलाखा’ म्हणतात. तो ‘चालणे’ या धातूपासूनच आलेला, आपल्या ‘चाली’चा सख्खा भाऊ शोभावा असा, नाते मात्र काही नाही. इ. स. 50 च्या सुमारास यरुशलेमेत वाद झाला तो या चालीवरून: यहुदी नसलेल्याने ख्रिस्ती व्हायला आधी सुंता करून घ्यायची का? निर्णय झाला, नको. मराठी बायबलात या यहुदी नसलेल्यांना ‘परराष्ट्रीय’ म्हटले आहे. जालन्याचा वाचक ते वाचताना परराष्ट्रीय म्हणजे कोणीतरी लांबचा, असे सहज धरून चालतो. वास्तविक तिथे तोच बसलेला आहे. ज्याला यहुदी व्हावे लागले नाही, त्याला साहेब तरी का व्हावे लागावे? मिशनऱ्यांच्या बंगल्यांपाशी ही गोष्ट कित्येकदा विसरली गेली.

नारायण वामन टिळकांनी ती ध्यानात ठेवली. 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी अभंग, ओवी, भजन, कीर्तन सगळे ख्रिस्ताच्या दाराशी आणले. आपल्या वाटेवर तुकोबा भेटले होते हे त्यांनी लपवले नाही. तरी चाल इतकी निरागस नसते. अभंगाच्या ठेक्यासोबत पंढरपूर येतेच. टिळकांना ते हवे होते. पंडिता रमाबाईंना नको होते. केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते छापून निघाले. संस्कृतवर त्यांची हुकमत पंडितांनी मान्य केलेली. तरी खेड्यातल्या बाईला वाचता येईल अशी साधी मराठी त्यांनी धरली आणि जुन्या देवधर्माचा वास येणारे शब्द शक्य तिथे टाळले. टिळकांची चाल आणि रमाबाईंचे शब्द मराठी ख्रिस्ती घरांत एकाच कपाटात ठेवलेले असू शकतात, आणि त्या दोघांचे एकमेकांशी पटले पाहिजे असे कोणी म्हणत नाही.