वाळूची चौकट आणि बाबांचं ‘रन’

2012 सालची गोष्ट. बहारीनला येऊन मला जेमतेम सहा महिने झाले होते. एका दुपारी साताऱ्याहून बाबांचा फोन. टेंडर ऑनलाइन भरायचं, मुदत संपायला तासभर उरलेला, आणि डिजिटल सहीच्या पानावर कसलीशी खिडकी उघडून अडून बसलेली. मी मनामातून ओरडलो, "बाबा, वाचत बसू नका, ‘रन’ दाबा!" टेंडर वेळेत भरलं गेलं. पण त्या ‘रन’ने आपण कशाला परवानगी दिली, हे मी कॉम्प्युटर इंजिनिअर असूनही त्यांना सांगितलं नाही.

मंडळी, ते होतं जावा ॲपलेट.

सन मायक्रोसिस्टिम्सने 1995 मध्ये जावा भाषा जगापुढे आणली. ॲपलेट म्हणजे वेबपानाबरोबर आपल्या कॉम्प्युटरवर उतरून चालणारा छोटा प्रोग्राम. परका पाहुणाच तो! म्हणून त्याला ‘सँडबॉक्स’मध्ये, म्हणजे मुलांच्या खेळातल्या वाळूच्या चौकटीत, ठेवलं. आत हवं ते खेळा. पण घरातल्या फाइल्स वाचायच्या नाहीत, लिहायच्या नाहीत, आणि जिथून आलात त्या सर्व्हरखेरीज कुणाशी बोलायचं नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही ॲपलेटमधून साधी मार्कांची फाइल उघडायला गेलो, तर ‘ॲक्सेस डिनाइड’!

मग डिजिटल सहीचं काय? भारतात 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने तिला मान्यता दिली. पण सहीची किल्ली असते आपल्याच कॉम्प्युटरवरच्या फाइलमध्ये, नाहीतर यूएसबी टोकनमध्ये. तिथवर जायचं तर चौकट ओलांडायला हवी. ती वाट 1997 च्या जावा 1.1 ने काढून ठेवली होती. ॲपलेटवर बनवणाऱ्याची सही असली आणि वापरणारा ‘हो’ म्हणाला, की दार उघडं. 1998 अखेरच्या जावा 1.2 ने तर ‘अमुकच फाइल, तीही फक्त वाचायला’ अशी मोजकी परवानगी देण्याची सोय केली. पण घरोघरी चालायचं ते साधं ‘रन’. ते दाबलं की एक फाइल नव्हे, आपल्याला उघडता येणाऱ्या साऱ्या फाइल्स त्याच्या हाती! सही पाहुण्याचं नाव सांगते, स्वभाव नाही.

पुढे चौकटीलाच भोकं सापडत गेली. जानेवारी 2013 मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने ब्राउझरमधली जावा बंद ठेवायचा सल्ला दिला. 2015 मध्ये क्रोमने आणि 2017 मध्ये फायरफॉक्सने ॲपलेटला दार लावलं. 2018 च्या जावा 11 मधून ब्राउझर प्लगइनच गेलं. आता ब्राउझरमध्ये आपण निवडून दिलेली फाइल तेवढीच पानाला मिळते. घराची किल्ली नाही, हातात एक कागद.

ॲपलेट गेलं, पण ‘हो’ म्हणायला लावणाऱ्या खिडक्या काही गेल्या नाहीत. आता त्या बाबांच्या मोबाइलवर येतात. अजूनही फोन येतो, "दाबू का रे?"

आता मी घाई करत नाही. म्हणतो, "बाबा, आधी काय लिहिलंय ते वाचून दाखवा."