आभासी प्रयोगशाळा, अभियांत्रिकी शिक्षणातील
प्रत्यक्ष उपकरणे न हाताळता संगणकाच्या साहाय्याने प्रयोग करण्याच्या व्यवस्थेस आभासी प्रयोगशाळा म्हणतात. तिचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात उपकरणाचे वर्तन गणितीय सूत्रांनी मांडून पडद्यावर दाखविले जाते. यास सदृशीकरण म्हणतात. दुसऱ्यात दूरच्या संस्थेतील खरे उपकरण आंतरजालामार्फत चालवून त्याची मापने घेतली जातात.

विद्युत् मंडलांच्या सदृशीकरणास कॅलिफोर्निया विद्यापीठातील (बर्कली) ‘स्पाइस’ या आज्ञावलीने १९७३ पासून चालना दिली. दुसऱ्या प्रकारची सोय मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९९८ मध्ये अर्धसंवाहक घटकांच्या मापनासाठी केली. भारतात केंद्र शासनाच्या २००९ मधील राष्ट्रीय शिक्षण अभियानातून असा प्रकल्प उभा राहिला व फेब्रुवारी २०१२ मध्ये तो राष्ट्रार्पण झाला. दिल्लीची भारतीय तंत्रज्ञान संस्था त्याची समन्वयक असून सहभागी बारा संस्थांत महाराष्ट्रातील मुंबईची भारतीय तंत्रज्ञान संस्था व पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय यांचा समावेश होता.

खानदेशात अभियांत्रिकीच्या पदवी शिक्षणाचा विस्तार मुख्यतः १९८३ नंतरचा आहे. त्या वर्षी राज्य शासनाने विनाअनुदान तत्त्वावर महाविद्यालयांस परवानगी दिली व जळगावजवळ बांभोरी येथे महाविद्यालय निघाले. जळगावचे शासकीय महाविद्यालय १९९६ मध्ये, तर धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे आर. सी. पटेल तंत्रशास्त्र संस्थेचे महाविद्यालय २००१ मध्ये सुरू झाले. विनाअनुदान महाविद्यालयांत उपकरणांचा खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भागवावा लागतो. मुंबईपासून लोहमार्गाने सु. ४२० किमी. दूर असलेल्या जळगावच्या विद्यार्थ्यास तेथील संस्थेने रचलेला प्रयोग घरबसल्या व विनाशुल्क करता येणे, हे या प्रकल्पाचे खरे महत्त्व होय. मार्च २०२० मध्ये करोना साथीमुळे महाविद्यालये बंद झाल्यावर ते विशेष जाणवले. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आभासी प्रयोगशाळांचा पुरस्कार करण्यात आला.

या पद्धतीत प्रयोग कितीही वेळा करता येतो. चुकीच्या जोडणीने उपकरण जळत नाही आणि धोकादायक दाब वा विद्युत् दाब निर्धास्तपणे अभ्यासता येतो. तथापि सदृशीकरणात सूत्रात घातले तेवढेच बाहेर येते. उदा., ठरावीक प्रवाहास सिलिकॉन डायोडवरील विद्युत् दाब तापमानाच्या दर अंशास सु. २ मिलिव्होल्टने घटतो. सूत्रात २५° से. तापमान गृहीत धरले असेल, तर उन्हाळ्यात ४५° से.पर्यंत तापलेल्या खोलीतील मापन त्याहून सु. ४० मिलिव्होल्टने कमी येईल. हा फरक, सैल जोडणी, मापकाची शून्यत्रुटी व दोन डायोडांतील भिन्नता यांचा उलगडा करणे हाच अभियंत्याच्या प्रशिक्षणाचा गाभा होय. पडद्यावर मात्र सर्वांच्या प्रयोगवहीत एकच वक्र उतरतो.

म्हणून प्रत्यक्ष प्रयोगाची पूर्वतयारी व उजळणी यांसाठी ही पद्धती उपयुक्त ठरते. उपकरणांच्या अभावावर तिचे पांघरूण घातल्यास विद्यार्थ्यास पदवी मिळते, पण मापनाची सवय लागत नाही. आणि ही हानी साधनसंपन्न शहरांपेक्षा खानदेशासारख्या प्रदेशांस अधिक सोसावी लागते.