इंग्रजी पहिलीपासून, पण कानावर पडणार कोठून?

पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांचे दोन भाग पडतात. पूर्वेकडे कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावर पोसलेली ऊस, द्राक्षे, कांदा व टोमॅटोची शेती आणि नारायणगाव, ओतूर, मंचर ही बाजारपेठेची गावे आहेत. पश्चिमेकडे नाणेघाटापासून भीमाशंकरच्या जंगलापर्यंत पसरलेल्या डोंगरपट्ट्यात महादेव कोळी व ठाकर समाजाच्या वाड्यावस्त्या आहेत. भातशेती आणि हिरडा यांवर तेथील संसार चालतो. या दोन्ही भागांतील जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिलीच्या मुलाच्या हाती इंग्रजीचे पुस्तक सारखेच पडते. ते पुस्तक त्याला किती बोलू लागते, हे मात्र शाळेबाहेर त्याच्या कानावर काय पडते, यावर अवलंबून असते.

निर्णयाची पार्श्वभूमी

पूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजीची ओळख पाचवीत होत असे. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री प्रा. रामकृष्ण मोरे यांच्या पुढाकाराने २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून ती पहिलीत आणण्यात आली. कोवळ्या वयावर परक्या भाषेचा भार नको, असा आक्षेप त्या वेळी घेण्यात आला. शहरातील मुलांना मिळते ते खेड्यातील मुलांना का नाकारायचे, हा त्यावरील प्रतिप्रश्न होता.

या प्रश्नाला महाराष्ट्रात जुना इतिहास आहे. इंग्रजी ही शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीची वाट आहे, हा विचार सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात मांडला होता. जुन्नर-ओतूरचा परिसर हे तर सत्यशोधक चळवळीचे महत्त्वाचे केंद्र. त्यामुळे या भागातील पालकांची इंग्रजीची ओढ केवळ फॅशन म्हणून झटकून टाकता येत नाही.

त्यानंतरच्या २५ वर्षांत धोरणे बदलली, पण पहिलीतील इंग्रजी कायम राहिले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेतून शिक्षण द्यावे, असे सुचविले. २०२१-२२ मध्ये निवडक आदर्श शाळांतील पहिलीच्या वर्गासाठी मराठीबरोबर इंग्रजी शब्द देणारी द्विभाषिक पाठ्यपुस्तके प्रायोगिक तत्त्वावर आली. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा आणण्याचे आदेश निघाले. तीव्र विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी ते मागे घेण्यात आले. त्या वादात इंग्रजीच्या स्थानाला धक्का लागला नाही.

परदेशातील मूल आणि वाडीवरील मूल

लहान वयात भाषा झटपट येते, या समजुतीला परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांच्या अनुभवाचा आधार दिला जातो. अमेरिकेत वा इंग्लंडमध्ये गेलेले मूल दोन वर्षांत अस्खलित इंग्रजी बोलू लागते, हे अनेकांनी पाहिलेले असते. पण त्यामागचा हिशेब सहसा मांडला जात नाही.

अमेरिकेतील शाळा वर्षाकाठी साधारण १८० दिवस भरते. दिवसाचे सहा तास धरले तरी मुलाच्या कानावर वर्षात हजारांहून अधिक तास इंग्रजी पडते. खेळाचे मैदान, दूरचित्रवाणी व शेजार वेगळेच. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी किमान २०० दिवस कामकाज अपेक्षित आहे. रोज अर्ध्या तासाची तासिका धरल्यास वर्षाला १०० तास होतात. परदेशातील मुलाला एका वर्षात शाळेत जेवढे इंग्रजी ऐकायला मिळते, तेवढे येथील मुलाला मिळण्यास दहा वर्षे लागतील. शिवाय ६० पर्यंत पट असलेल्या शाळेला दोनच शिक्षक मिळतात. एकाच वेळी दोन-तीन वर्ग सांभाळताना तो अर्धा तासही पुरता हाती लागत नाही.

जुन्नरच्या मुलाच्या इंग्रजीची खरी तुलना परदेशातील मराठी मुलाच्या इंग्रजीशी नव्हे, तर त्याच्या मराठीशी करावयास हवी. उत्तर अमेरिकेत १९८१ पासून कार्यरत असलेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली मराठी शाळा चालतात. शाळेला सुटी असते त्या दिवशी तासाभराचा वर्ग भरतो, पालकच शिक्षक होतात. तरीही घरात मराठी बोलली गेली नाही, तर मुले समजतात पण बोलत नाहीत, अशी तेथील पालकांची नेहमीची तक्रार असते. सुशिक्षित आणि हौशी पालकांना जे जड जाते, ते वाडीवरच्या मुलाला केवळ लवकर सुरुवात केल्याने साधेल, असे मानणे योग्य नव्हे.

अभ्यासकांचा निष्कर्षही याच दिशेने जातो. स्पेनमधील बार्सिलोना येथे कारमेन मुन्योस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासात आठव्या वर्षी आणि अकराव्या वर्षी इंग्रजी सुरू करणाऱ्या मुलांची तुलना करण्यात आली. शिकवणीचे तास सारखे असता उशिरा सुरुवात करणारी मुले पुढे राहिली. लहान वयाचा लाभ मिळतो तो भाषा भोवताली असते तेव्हा. केवळ तासिकेत शिकायची असेल, तर मोठे मूल अधिक वेगाने शिकते.

घरची बोली हा पाया

पश्चिम पट्ट्यातील मुलाची अडचण आणखी एका पायरीची आहे. त्याच्या घरची बोली आणि पुस्तकातील प्रमाण मराठी यांतच अंतर असते. पहिलीत पाऊल ठेवताच ते प्रमाण मराठी आणि इंग्रजी अशा दोन अनोळखी भाषांना सामोरे जाते. कॅनडातील भाषातज्ज्ञ जिम कमिन्स यांनी दाखवून दिले आहे, की पहिल्या भाषेत पक्के झालेले वाचन व विचाराचे कौशल्य दुसऱ्या भाषेत उपयोगी पडते. रोजचे संभाषण दोनेक वर्षांत जमते. अभ्यासाची भाषा आत्मसात होण्यास पाच ते सात वर्षे लागतात. घरच्या बोलीत बोलणारे मूल वर्गात गप्प बसविले गेले, तर त्याचे प्रमाण मराठीही कच्चे राहते आणि इंग्रजीही.

अमेरिकेतून येऊन फलटणला स्थायिक झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांचे काम या संदर्भात लक्षणीय आहे. फलटण परिसरातील मराठीच्या बोलींचा त्यांनी अभ्यास केला आणि १९८६ मध्ये तेथे कमला निंबकर बालभवन ही शाळा सुरू केली. इंग्रजी मातृभाषा असलेल्या या विदुषीने शाळेसाठी माध्यम निवडले ते मराठी.

वर्गात काय करता येईल?

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या निमित्ताने नेमलेल्या इंग्रजी अध्यापनविषयक गटाने भर दिला होता तो भाषेने समृद्ध अशा वातावरणावर. असे वातावरण उभे करण्यास महागडी साधने लागतातच असे नाही.

पहिली पायरी ऐकण्याची. ‘स्टँड अप’, ‘ओपन द डोअर’ अशा सूचना ऐकून मुलांनी कृती करावी; बोलण्याची सक्ती नको. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स अॅशर यांनी ही पद्धत मांडली. शिक्षकाचे इंग्रजी जेमतेम असले तरी ती राबविता येते.

दुसरी पायरी मुलाजवळ असलेल्या शब्दांची. क्रेट, ट्रॅक्टर, पंप, ड्रिप, मोबाइल, चार्जर, रेंज हे शब्द शेतकऱ्याच्या घरात रोज वापरले जातात. टोमॅटोचे क्रेट मोजणाऱ्या मुलाला ‘अॅपल’पेक्षा ‘क्रेट’ जवळचा.

तिसरी पायरी वाचनाची, आणि येथे घाई नको. देवनागरीत अक्षराचा उच्चार बहुधा ठरलेला असतो. इंग्रजीत ‘सी’ हे अक्षर ‘कॅट’मध्ये क होते, तर ‘सिटी’मध्ये स, ‘यू’चा उच्चार ‘कट’मध्ये एक आणि ‘पुट’मध्ये दुसरा. आकड्यांचेही तसेच. ‘पंचवीस’मध्ये पाच आधी येतात, ‘ट्वेंटी-फाइव्ह’मध्ये वीस. मराठी वाचनाची बैठक पक्की होण्यापूर्वी ही दुसरी व्यवस्था लादल्यास मूल दोन्हीकडे अडखळते. अशा चुका बुद्धीच्या नव्हेत, दोन भाषांच्या रचनेतील फरकाच्या असतात, हे शिक्षकाने आणि पालकाने ध्यानात घ्यावयास हवे.

पालकांपुढील निवड

पूर्व भागातील बाजारपेठेच्या गावांतून इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या बस वाड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. त्यांना उत्तर म्हणून जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी सेमी-इंग्रजीचा मार्ग स्वीकारला. त्यात गणित आणि पुढे विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाते. बसचे भाडे आणि शुल्क परवडणाऱ्या घराला निवड करता येते. पश्चिमेच्या वाडीवर मात्र गावची शाळा नाही तर आश्रमशाळा, एवढेच पर्याय असतात. म्हणून तेथील दोनशिक्षकी शाळेत इंग्रजी कसे शिकविले जाते, हा प्रश्न अधिक मोलाचा ठरतो.

शाळेच्या फलकावर कोणते माध्यम लिहिले आहे, यापेक्षा साधे प्रश्न पालकांनी विचारावेत. मूल मराठी पुस्तक अडखळता वाचते का? वर्गात ते घरच्या बोलीत बोलू शकते का? इंग्रजीच्या तासाला ते नुसते पाठ म्हणते, की ऐकलेले समजून काही करते? या प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील, तर इंग्रजीसाठी काळजी करण्याचे कारण नाही. ती ‘नाही’ असतील, तर पहिलीपासूनचे इंग्रजी पुस्तकातच राहील.