मनातलं पडद्यावर कसं आणायचं? : 'संस्कार'ची गोष्ट

बंगळूर, हैदराबाद, इंदूर, बडोदे, दिल्ली, तुम्ही कुठूनही ऐकत असाल, आजच्या कलाकृतीच्या नावाचा अर्थ तुम्हाला सांगावा लागणार नाही. 'संस्कार'. आपण मुलांवर संस्कार करतो, धर्मशास्त्र सोळा संस्कार सांगतं, आणि माणूस गेला की अंत्यसंस्कार होतो. मराठीत हे सगळे अर्थ एकाच शब्दात बसतात, तसेच कन्नडमध्येही बसतात. इंग्रजीत मात्र त्याला नेमका शब्द नाही. म्हणून ए. के. रामानुजन यांनी १९७६ साली इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा शीर्षक तसंच ठेवलं.

यू. आर. अनंतमूर्ती यांची ही कन्नड कादंबरी १९६५ची. तिच्यावर त्याच नावाचा चित्रपट आला १९७० साली. तत्त्वचिंतन करणाऱ्या कादंबरीचा चित्रपट करताना नेमकं काय अडतं, हे समजून घ्यायला आपल्या देशात याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

सुरुवातीलाच एक गंमत सांगतो. ही कादंबरी जन्मली तीच एक चित्रपट पाहून. अनंतमूर्ती तेव्हा इंग्लंडात बर्मिंगहॅमला संशोधन करत होते. तिथे त्यांनी इंगमार बर्गमनचा 'द सेव्हन्थ सील' पाहिला. चित्रपट स्वीडिश भाषेतला आणि खाली इंग्रजी अक्षरं नाहीत. मध्ययुगातला काळ, प्लेगची साथ, आणि देव आहे की नाही याचं उत्तर शोधणारा एक सरदार. भाषा कळत नव्हती, पण मनात काहीतरी हललं. त्यांचे मार्गदर्शक होते कादंबरीकार माल्कम ब्रॅडबरी. त्यांच्याशी बोलताना अनंतमूर्तींनी जे म्हटलं त्याचा आशय असा, की युरोपातल्या लेखकाला मध्ययुग अभ्यासातून उभं करावं लागतं, माझ्यासाठी ते अजून जिवंत आहे. या बोलण्यातून 'संस्कार' लिहिली गेली.

आता कथा थोडक्यात. दुर्वासपूर नावाचं माध्व ब्राह्मणांचं अग्रहार, म्हणजे केवळ ब्राह्मणांची वस्ती. तिथे नारणप्पा मरतो. त्याने हयातभर सगळे नियम मोडले, दारू प्यायला, मांस खाल्लं, चंद्री नावाच्या बाईला घरात ठेवलं. पण त्याला जातीबाहेर काढलेलं नव्हतं. मग आता त्याच्या प्रेताला अग्नी कोणी द्यायचा? दिला तर बाटू, न दिला तर प्रेत घरात पडून, आणि प्रेत उचललं जाईपर्यंत अग्रहारात कोणी जेवायचं नाही. सगळे प्राणेशाचार्यांकडे धाव घेतात. हे मोठे विद्वान. आजारी बाईशी त्यांनी जाणूनबुजून लग्न केलेलं, तिची सेवा हीच आपली साधना मानलेली. ते पोथ्या चाळतात, उत्तर मिळत नाही. मग मारुतीच्या देवळात जाऊन कौल लावतात. कौल म्हणजे काय हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींना सांगायला नको. देव उजवं फूल देत नाही आणि डावंही देत नाही. रात्री परतताना रानात चंद्री भेटते, आणि त्या अंधारात आचार्यांच्या हातून नियम मोडतो. गावात उंदीर मरत असतात, कारण प्लेग शिरलेला असतो. इथून पुढे कादंबरी आचार्यांच्या डोक्यात शिरते आणि शेवटपर्यंत बरीचशी तिथेच राहते.

हे पडद्यावर आणायचं ठरवलं ते पट्टाभिराम रेड्डी यांनी. ते तेलुगू कवी. पटकथा लिहिली गिरीश कार्नाडांनी, आणि प्राणेशाचार्यही तेच झाले. कार्नाडांचा जन्म आपल्या माथेरानचा, आणि 'उंबरठा'मुळे मराठी प्रेक्षक त्यांना चांगलं ओळखतात. चंद्री झाल्या स्नेहलता रेड्डी, दिग्दर्शकांच्या पत्नी. नारणप्पाची भूमिका केली लेखक पी. लंकेश यांनी. संगीत सरोदवादक राजीव तारानाथ यांचं. कॅमेरा ऑस्ट्रेलियाहून आलेल्या टॉम कॉवन यांच्या हातात. चित्रण झालं ते शृंगेरीजवळच्या वैकुंठपुरा या खऱ्या गावात. कवी, नाटककार, वादक अशी ही टोळी. रुळलेल्या चित्रपट धंद्यातली माणसं त्यात थोडीच.

त्यांच्यापुढची पहिली अडचण सगळ्यांना दिसणारी. मनातला विचार दाखवायचा कसा? कादंबरीत आचार्य पानंच्या पानं स्वतःशी बोलतात. कॅमेऱ्याला चेहरा दिसतो, विचार दिसत नाही. पार्श्वभूमीला आवाज लावून ती वाक्यं ऐकवता येतात, पण मग ते कादंबरीचं वाचन होतं. प्रेक्षक डोळे मिटूनही ते ऐकू शकेल.

दुसरी अडचण वासाची. कादंबरी वाचताना नाकाला पदर लावावासा वाटतो. प्रेत सडतंय, उपाशी पोटं ढवळताहेत, घराघरांत मेलेले उंदीर. पडद्याला वास नसतो. घिरट्या घालणारी गिधाडं, बंद दारं आणि लोकांच्या हालचाली यांतूनच तो सुचवावा लागतो.

या दोन्ही अडचणींवर चांगला दिग्दर्शक तोडगा काढू शकतो. तिसरी मात्र वेगळ्या जातीची आहे, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच आहे.

रानातल्या त्या रात्रीनंतर आचार्यांना छळणारा प्रश्न 'पाप झालं का' एवढाच नाही. प्रश्न असा आहे, की ते मी केलं की माझ्याकडून घडलं? मी केलं असेल तर मी स्वतंत्र आहे, आणि जबाबदारही. नुसतं घडलं असेल तर माझी इतक्या वर्षांची साधनाही अशीच घडलेली, तिचं श्रेय मला कशाला? कादंबरीचं सगळं तत्त्वज्ञान या एका गाठीवर उभं आहे. ही गाठ सुटू नये म्हणून लेखकाने त्या प्रसंगी अंधार ठेवला आहे. भूक, थकवा, आईची आठवण, स्पर्श, सगळं एकात एक मिसळतं. पुढे कोण झालं आणि कोण ओढलं गेलं, हे शब्दांत धूसर ठेवता येतं.

कॅमेऱ्याला ही सवलत नाही. पडद्यावर कोणाचा तरी हात आधी हलतो. तो हलला की उत्तर देऊन झालं. दृश्य कितीही काळोखात घेतलं तरी नट आणि नटीला काहीतरी एक करावंच लागतं. शब्द 'हेही आणि तेही' म्हणू शकतात, चित्राला 'हे' असं म्हणावं लागतं. लांबलचक स्वगतापेक्षा हा पेच फार मोठा आहे.

याच गोष्टीची दुसरी बाजू चित्रपट पूर्ण झाल्यावर पुढे आली. मद्रासच्या सेन्सॉरने त्याला प्रमाणपत्र नाकारलं. जातीजातींत तेढ वाढेल ही भीती. पुढे माहिती व नभोवाणी मंत्रालयाच्या पातळीवर ती बंदी उठली, आणि १९७० सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यालाच मिळाला. हा मान मिळवणारा तो पहिला कन्नड चित्रपट.

आता विचार करा. कादंबरी पाच वर्षं बाजारात होती. तिच्यावर वाद झाले, रागावणारे रागावले, पण पुस्तक थांबलं नाही. चित्रपट मात्र थांबवला गेला. वाचणारे कमी आणि पाहणारे जास्त, हे एक कारण आहेच. पण मला वाटतं आणखी एक कारण आहे. पानावर अग्रहार हा एका माणसाच्या मनाच्या भोवती असतो. तिथल्या लोभी, भांडखोर ब्राह्मणांकडे आपण आचार्यांच्या नजरेतून पाहतो. पडद्यावर तेच अग्रहार खऱ्या गावात, खऱ्या ओसऱ्यांवर उभं राहतं. एका माणसाच्या आतला प्रश्न एका समाजाचं छायाचित्र होऊन जातो. सेन्सॉरने ते छायाचित्रच पाहिलं. त्यांची भीती मला पटत नाही, पण त्यांना जे दिसलं ते पडद्यावर नव्हतं असंही म्हणता येत नाही.

मग या रूपांतरात फक्त तोटाच झाला का? मी कादंबरी आधी वाचली आणि चित्रपट बऱ्याच वर्षांनी पाहिला. वाचताना मी सगळा वेळ आचार्यांच्या बरोबर होतो. पाहताना माझी नजर पुन्हा पुन्हा चंद्रीकडे गेली. तिने नवीन काही केलं नव्हतं. कादंबरीत ती जे करते तेच, म्हणजे अंगावरचे दागिने उतरवून अंत्यविधीसाठी पुढे ठेवते. दागिने पाहताच, ज्यांना कालपर्यंत विटाळाची भीती होती त्यांना अग्नी देण्याचा हक्क आठवतो. पंडितांचा निर्णय होत नाही तेव्हा ती एका ओळखीच्या मुसलमान माणसाच्या मदतीने रात्रीत प्रेत जाळून मोकळी होते आणि गाव सोडते. सकाळी शास्त्रार्थ चालूच असतो, पण ज्याच्यावरून तो चाललाय ते प्रेत जागेवर उरलेलंच नसतं.

कागदावर विचाराला वजन असतं, म्हणून आचार्य मोठे दिसतात. पडद्यावर कृतीला वजन असतं, म्हणून चंद्री मोठी दिसते. अनंतमूर्तींनी हा उपरोध लिहिलेलाच होता, पण आचार्यांच्या स्वगतांखाली माझ्या नजरेतून तो निसटला होता. कॅमेऱ्याला ती स्वगतं उचलता आली नाहीत, आणि त्यामुळेच खालचं मला दिसलं.

स्नेहलता रेड्डींबद्दल एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. आणीबाणीत त्यांना अटक झाली. दम्याचा विकार असताना बंगळूरच्या तुरुंगात त्यांनी अनेक महिने काढले, आणि सुटकेनंतर लगेचच, जानेवारी १९७७ मध्ये त्या गेल्या. हे ठाऊक झाल्यावर त्यांची चंद्री पाहताना माझ्याच्याने तटस्थ राहवत नाही.

'संस्कार'नंतर कन्नडमध्ये वाट मोकळी झाली. 'वंशवृक्ष' आला, 'चोमन दुडी' आला. १९७७ साली गिरीश कासरवळ्ळींनी अनंतमूर्तींच्याच कथेवर 'घटश्राद्ध' केला आणि तोही राष्ट्रीय पुरस्कारात पहिला आला. तिथे गोष्ट एका लहान मुलाच्या डोळ्यांनी दिसते. मूल विचार मांडत बसत नाही, पाहतं. कॅमेऱ्याचंही तसंच असतं.

म्हणून कोणी विचारलं, की अमुक कादंबरीचा चित्रपट होईल का, तर मी आता त्यातले विचार मोजत नाही. त्यात चंद्री आहे का, ते शोधतो. सगळे बोलत असताना काहीतरी करून मोकळं होणारं माणूस कादंबरीत असेल, तर चित्रपटाला आशा आहे. आणि तरीही शेवटी बैलगाडीत बसून दुर्वासपूरकडे निघालेल्या आचार्यांच्या मनात काय चाललंय हे जाणून घ्यायचं असेल, तर पुस्तकच उघडावं लागेल. दोन्ही करा. आधी वाचा, मग पाहा.