शाळेचा खर्च वाचला, मग तो गेला कोणाच्या खात्यावर?

संशोधनाच्या तयारीला लागलेल्यांचा एक नेहमीचा प्रश्न असतो: विषय तर सापडला, पण त्यातून 'प्रश्न' कसा काढायचा? 'प्राथमिक शिक्षणाचा इतिहास' हा विषय झाला. गाईडसमोर एवढंच घेऊन गेलात, तर ते तुम्हाला दारातूनच परत पाठवतील. म्हणून आज एकच शब्द हातात घेऊ आणि त्यातून प्रश्न कसा निघतो ते बघू. शब्द आहे 'बचत'.

सरकारकडे पैसा कमी पडला की शाळांचा खर्च कसा कमी करायचा, ही चर्चा आपल्याकडे नवी नाही. शिक्षण खात्याचे वार्षिक अहवाल, विधिमंडळातल्या चर्चा, समित्यांचे अहवाल, काहीही उघडा, काटकसरीच्या सूचना भेटतातच. शिक्षक कमी करा, शाळा एकत्र करा, दोन पाळ्या भरवा, मुलांकडून काही उत्पन्न काढा. वाचताना हे सगळं अगदी हिशेबी वाटतं. पण जमाखर्चाचा साधा नियम आठवा. एका खात्यातून रक्कम कमी झाली की ती बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी खात्यावर चढलेली असते. ते दुसरं खातं शोधणं हे इतिहासकाराचं काम. दोन उदाहरणं घेतो. एक वर्ध्याचं, एक मद्रासचं.

वर्धा, १९३७: दारूचा पैसा नको, मग पगार कुठून?

आधी पार्श्वभूमी. १९२१ पासून प्रांतांमध्ये शिक्षण खातं भारतीय मंत्र्यांकडे आलं. पण त्यांच्या हातातल्या उत्पन्नाचा मोठा भाग अबकारीचा, म्हणजे दारूवरच्या कराचा होता. १९३७ मध्ये काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळं आली. दारूबंदी तर त्यांना करायचीच होती. आणि दारूबंदी केली की शाळांना पैसा पुरवणारा झराच आटणार! दारूड्याच्या पैशावर मुलांना शिकवणं गांधीजींना मान्य नव्हतं. मग 'हरिजन'मधून त्यांनी एक धाडसी तोड सुचवली: शाळेने स्वतःचा खर्च स्वतः भागवावा. मुलं हस्तोद्योग शिकतील, त्यातून जो माल तयार होईल तो सरकारने घ्यावा आणि त्यातून शिक्षकाचा पगार निघावा.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर, विनोबा, काका कालेलकर, झाकीर हुसेन अशी मंडळी होती. इथे तुम्ही ठरावांची भाषा नीट बघा. सात वर्षांचं मोफत व सक्तीचं शिक्षण, मातृभाषेचं माध्यम, उत्पादक हस्तोद्योगाभोवती शिक्षण, हे तीन ठराव ठाम आहेत. चौथा मात्र सौम्य आहे. या पद्धतीतून शिक्षकांचं वेतन हळूहळू निघू शकेल अशी परिषदेला 'अपेक्षा' आहे. मूळ मागणी स्वावलंबनाची होती, ठरावात ती अपेक्षा झाली. दोन्हींमधलं हे अंतर म्हणजे परिषदेत काय वाद झाला असेल याचा तुम्हाला मिळालेला धागा. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहा यांनी तिथेच हरकत घेतली होती की शाळेतला माल बाजारात आला तर तो कारागिरांशी स्पर्धा करील. म्हणजे सरकारचा खर्च वाचेल, पण तो विणकराच्या खात्यावर चढेल.

पुढे झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम आखला. दिवसाचे साडेपाच तास, त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला. मातृभाषेला ४० मिनिटं. टक्केवारी काढली तर ६० टक्क्यांहून जास्त वेळ उद्योगाचा. आता घाईने 'बालमजुरी' असा शिक्का मारू नका. थांबा. याच समितीने आपल्या अहवालात सावधगिरीचा इशाराही दिलेला आहे. आर्थिक बाजूवर जास्त भर दिला गेला, तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्याच्या मागे लागतील आणि शिक्षणाचा हेतू मागे पडेल. शिवाय योजना स्वावलंबी ठरली नाही तरी शिक्षण म्हणून ती योग्यच आहे, असंही समिती म्हणते.

म्हणजे 'नयी तालीम'मध्ये दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. एक शिक्षणाचा विचार, हाताने शिकण्याचा. दुसरा जमाखर्चाचा, पगार भागवण्याचा. पुढे १९४४ च्या सार्जंट योजनेने त्यांची फारकत केली. हस्तोद्योगाचं तत्त्व घेतलं, पण मुलांनी बनवलेला माल विकून शिक्षणाचा खर्च निघेल ही कल्पना सोडून दिली. फार तर जास्तीच्या साहित्याचा खर्च निघावा, एवढंच.

आता याच काळातली दुसरी वाट बघा. मुंबई सरकारने १९३९ मध्ये मुंबई शहरात दारूबंदी आणली आणि घटलेलं उत्पन्न भरून काढायला शहरातल्या स्थावर मालमत्तेवर कर बसवला. मद्रासमध्ये राजाजींनी त्याच वर्षी विक्रीकर आणला. खड्डा एकच, दारूबंदीमुळे पडलेला. तो भरायचे मार्ग मात्र वेगळे: घरमालकाकडून, गिऱ्हाइकाकडून, किंवा सूत कातणाऱ्या मुलाकडून. 'पैसा नाही' हे वाक्य कागदपत्रांत दिसलं की पुढचा प्रश्न हाच: कोणाकडून घ्यायचा नाही असं ठरलं होतं?

मद्रास, १९५३: पाच तासांचे तीन तास

दुसरं उदाहरण मद्रास राज्याचं. त्यात एक मराठी नाव आहे, म्हणून आपल्याला ते जास्त जवळचं.

राज्यघटनेच्या कलम ४५ ने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना शिक्षण देण्याचा प्रयत्न राज्यांवर सोपवला होता. तिजोरीत पैसा नव्हता, इमारती आणि शिक्षक कमी. १९५३ मध्ये मुख्यमंत्री राजाजींनी ग्रामीण प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. पाच तासांची शाळा तीन तासांची करायची आणि दोन पाळ्यांत भरवायची. तीच इमारत, तेच शिक्षक, मुलं मात्र जास्त. उरलेल्या वेळात मुलाने बापाचा धंदा शिकावा, मुलीने घरकाम शिकावं.

विरोध प्रचंड झाला. पेरियार आणि द्रविड चळवळीने या योजनेला 'कुलकल्वी तिट्टम' म्हटलं, म्हणजे कुळाच्या, जातीच्या धंद्याचं शिक्षण. त्यांचा मुद्दा सरळ होता. न्हाव्याच्या मुलाने दुपारी न्हावीकाम शिकायचं आणि नगरपालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या मुलाने पूर्ण वेळ शाळा शिकायची? कारण योजना शहरांना लागू नव्हती. जुलै १९५३ मध्ये विधानसभेत योजना रद्द करण्याच्या ठरावावर १३८ विरुद्ध १३८ अशी बरोबरी झाली. नंतर योजनेला स्थगिती देऊन ती तज्ज्ञ समितीकडे पाठवण्याचा ठराव १३९ विरुद्ध १३७ ने मंजूर झाला.

त्या समितीचे अध्यक्ष होते रा. वि. परुळेकर, मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचे संचालक. समितीने योजना मुळात योग्य ठरवली.

इथे बरेच जण घसरतात. परुळेकरांना 'जातिव्यवस्थेचे समर्थक' ठरवून पुढे जाणं सोपं आहे, पण त्यांचं आधीचं लेखन वाचा. १९२९ च्या हार्टोग समितीने म्हटलं होतं की नव्या शाळा वाढवण्यापेक्षा आहेत त्या सुधारा. परुळेकर याच्या विरोधात उभे राहिले. 'लिटरसी इन इंडिया' या १९३९ च्या पुस्तकासह त्यांची भूमिका सातत्याने एकच: आधी सगळी मुलं शाळेत आली पाहिजेत, दर्जाचं नंतर बघू. त्यासाठी पाळ्या करा, वर्ग मोठे करा, पण दार बंद ठेवू नका. गुणवत्तेच्या नावाखाली गरिबाला बाहेर ठेवणाऱ्या सरकारी धोरणाशी ते भांडत होते.

माझ्या वाचनात हा वाद 'स्वस्त शाळा की चांगली शाळा' असा नाही. तो तुलनेच्या पायाचा वाद आहे. परुळेकरांच्या बाजूने पाहिलं तर तीन तासांची तुलना शून्य तासांशी आहे, कारण ज्याला शाळाच नाही त्याला तीन तास म्हणजे लाभच. पेरियारांच्या बाजूने पाहिलं तर तीन तासांची तुलना शहरातल्या मुलाच्या पाच तासांशी आहे, आणि मग ती चोरी ठरते. आकडा एकच. पाया बदलला की निकाल बदलतो.

मग कोणाचं बरोबर? माझं मत सांगतो, तुम्ही ते तपासा. परुळेकरांचा हिशेब प्रामाणिक होता, पण त्यात एक खातं नव्हतं: उरलेले दोन तास मूल कुठे घालवणार. कागदावर तो वेळ 'मोकळा' दिसतो. गावात तो मोकळा नसतो, तो जातीने आधीच वाटून ठेवलेला असतो. ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या एकच धंदा लादला गेला, तिथे शाळेतला तास म्हणजे त्या धंद्यापासून मिळालेला तास. तो काढला की सरकारची बचत होते आणि किंमत मोजतं ते मूल, आणि तीसुद्धा ठरावीक जातींतलं जास्त.

राजाजींनी मार्च १९५४ मध्ये राजीनामा दिला. कारण प्रकृतीचं सांगितलं गेलं, पण पक्षातच या योजनेवरून नाराजी होती. कामराज मुख्यमंत्री झाले आणि मे १९५४ मध्ये योजना मागे घेतली गेली. पुढे १९५६ मध्ये कामराजांनी मध्यान्ह भोजन सुरू केलं, सुरुवातीला गावकऱ्यांच्या वर्गणीचा मोठा आधार घेऊन. लक्षात घ्या, इथेही सरकारचा खर्च दुसऱ्या खात्यावर गेलाच. फरक एवढाच की तो मुलाच्या वेळावर नाही, तर ज्यांच्याकडे देण्यासारखं काही होतं त्यांच्या वर्गणीवर गेला. 'पैसा नाही' म्हणणाऱ्या राज्यातच हे घडलं, हे विसरू नका.

तुमच्या कामासाठी

कुठल्याही काळातली काटकसरीची योजना वाचताना एका कागदावर चार रकाने आखा.

१. सरकारच्या वहीत काय कमी झालं? पगार, इमारत, भाडं, साहित्य.

२. ते कोणाच्या वहीत चढलं? मुलाचा वेळ, मुलाचे कष्ट, आईबापांचा खर्च, शिक्षकाच्या जादा पाळ्या, गावाची वर्गणी.

३. योजना कोणाला लागू नव्हती? सूट कोणाला मिळाली हे अनेकदा तळटीपेत किंवा नियमांच्या शेवटी असतं. तिथे हमखास बघा.

४. तुलना कशाशी केली आहे? काहीच नसण्याशी, की शेजाऱ्याला मिळतं त्याच्याशी?

हे आजच्या कागदांनाही चालतं. २०१७ च्या शेवटी महाराष्ट्रात दहापेक्षा कमी पट असलेल्या १,३१४ शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय जाहीर झाला. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी 'समूह शाळां'चा विषय पुढे आला. पहिल्या रकान्यात शिक्षकांची पदं आणि इमारती येतील. दुसऱ्यात काय येईल? पहिली-दुसरीतल्या मुलाची पायपीट, पावसाळ्यातला ओढा, मुलीला दूर पाठवायचं की नाही यावर घरात होणारा विचार. शिक्षणहक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असं का लिहिलं आहे, हे त्या रकान्यातून कळतं. तिसरा रकाना भरताना वाडी, पाडा, तांडा हे शब्द किती वेळा येतात ते मोजा. चौथ्यात दुसऱ्या बाजूचंही ऐका: सात मुलांच्या शाळेत मुलांना सवंगडी नाहीत, एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, हा युक्तिवादही खोटा नाही.

एक इशारा. दुसरा रकाना भरायला सरकारी अहवाल पुरत नाहीत, कारण ते पहिल्या रकान्यासाठीच लिहिलेले असतात. त्यासाठी विधिमंडळातली विरोधकांची भाषणं, वर्तमानपत्रातली वाचकांची पत्रं, शाळेचे हजेरीपट आणि शक्य तिथे त्या वेळी मुलं असलेल्या माणसांच्या मुलाखती लागतील. वेळखाऊ आहे, पण तुमचा प्रबंध आणि एखाद्या अहवालाचा सारांश यांतला फरक तिथेच पडतो.

आणि सिनॉप्सिसमध्ये 'शिक्षणावरील खर्चात बचत झाली' असं वाक्य लिहायची वेळ आली, तर पुढे लगेच एक शब्द जोडून बघा: 'कोणाची?' उत्तर देता आलं तर तो तुमचा संशोधनाचा प्रश्न. नाही आलं, तर तोच तुमचा संशोधनाचा प्रश्न.